‘मॉर्गेज’ या शब्दाची कुळकथा

घर बांधण्यासाठी किंवा विकत घेण्यासाठी बँकेचे कर्ज काढणाऱ्या माणसापुढे कागदांचा जो गठ्ठा येतो, त्यात ‘मॉर्गेज’ हा शब्द हटकून असतो. मराठीत त्याला ‘गहाण’ म्हणून मोकळे होता येते. परंतु या इंग्रजी शब्दाच्या पोटात जो अर्थ दडलेला आहे, तो ‘गहाण’ या शब्दात नाही. इंग्रजी लिखाणात या शब्दाच्या मध्यभागी ‘टी’ हे अक्षर आहे. उच्चारात मात्र त्याचा लोप झाला आहे. ते मूक अक्षर मृत्यूचे आहे. ‘मॉर्ट’ म्हणजे मृत आणि ‘गेज’ म्हणजे तारण. लॅटिनमधील ‘मोर्तुउस’ आणि संस्कृतमधील ‘मृत’ हे एकाच मूळ धातूचे वंशज असल्याने हा अर्थ मराठी माणसाच्या कानाला परका वाटू नये. मॉर्गेज म्हणजे शब्दशः ‘मेलेले गहाण’.

आता प्रश्न असा की, या व्यवहारात मरते कोण? या एका प्रश्नाला निरनिराळ्या शतकांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांवर लक्षावधी कुटुंबांची जमीन राहिली किंवा गेली. म्हणून या शब्दाचा इतिहास हा केवळ शब्दकोशाचा विषय नव्हे.

प्रथम ‘गेज’ या अर्ध्या भागाकडे पाहावे. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्लंडमध्ये आला. पण फ्रेंचांनीही तो जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतून घेतला होता. वचनाची खूण म्हणून हाती दिलेली वस्तू, हा त्याचा मूळ अर्थ. त्याच मुळापासून इंग्रजीत ‘वेज’, म्हणजे मजुरी, ‘एंगेज’, म्हणजे वचनाने बांधणे, आणि ‘वेडिंग’, म्हणजे विवाह, हे शब्द निपजले. मजुराचे वेतन, वाग्दान आणि सावकाराकडील तारण ही एकाच कुळातील भावंडे आहेत. शब्द पाळला जाईल याची हमी, हा त्या सर्वांना जोडणारा धागा होय.

इंग्लंडच्या कायद्यात मृत तारणाचा उल्लेख बाराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. राजा दुसरा हेन्री याचा मुख्य न्यायाधिकारी रॅनल्फ दे ग्लॅनव्हिल याच्या नावाने ओळखला जाणारा लॅटिन ग्रंथ ११८७ ते ११८९ च्या सुमाराचा आहे. त्यात तारणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. सावकाराने जमीन ताब्यात घेतली आणि तिचे उत्पन्न कर्जाच्या मुदलात वळते केले, तर ते जिवंत तारण. जमीन दरसाल थोडे थोडे कर्ज फेडत राहते, म्हणून ती जिवंत. उत्पन्न सावकाराने खावे आणि मुद्दल मात्र जसेच्या तसे उभे राहावे, असा करार असेल तर ते मृत तारण. म्हणजे ग्लॅनव्हिलच्या काळी मरत होते ते जमिनीचे फळ. शेत पिकत असे, पण ऋणकोच्या दृष्टीने ते निष्फळ असे.

त्या काळी ख्रिस्ती धर्मपीठाने व्याज घेणे निषिद्ध ठरविले होते. मृत तारण ही त्या निषेधातून काढलेली पळवाट होती, कारण व्याजाचे नाव न घेता पिकाच्या रूपाने व्याजच वसूल होत असे. ग्लॅनव्हिलच्या ग्रंथाने या प्रकाराला सावकारीचाच एक भेद मानून पाप म्हटले आहे. तथापि राजाचे न्यायालय त्याला मनाई करीत नाही, असेही नमूद केले आहे. पुढे १५४५ मध्ये आठव्या हेन्रीच्या कायद्याने शेकडा दहापर्यंत व्याजाला वाट मोकळी केली. ती सवलत १५५२ मध्ये रद्द झाली, १५७१ मध्ये पुन्हा आली, आणि १८५४ मध्ये व्याजावरील हे निर्बंध इंग्लंडने उठविले.

दरम्यान शब्द तोच राहिला आणि व्यवहार बदलला. पंधराव्या शतकातील न्यायाधीश टॉमस लिटल्टन याने जमीनधारणेवरील आपल्या ग्रंथात ‘मॉर्गेज’चा निराळाच अर्थ दिला. त्याच्या काळी ऋणको आपली जमीन सरळ सावकाराच्या नावे करून देई. मात्र ठरल्या दिवशी पैसे दिल्यास ती परत मिळावी, अशी अट त्यात असे. ऋणको पैसे देईल की नाही हे संदिग्ध. त्याने ते न दिले तर जमीन त्याच्यापुरती कायमची मेली. दिले तर सावकाराच्या हातचे तारण मेले. १६२८ मध्ये एडवर्ड कोक याने लिटल्टनच्या ग्रंथावरील भाष्यात हीच व्युत्पत्ती पुढे चालविली. ग्लॅनव्हिलच्या मते फळ मेले होते. लिटल्टनच्या मते ऋणकोचा हक्क मरू लागला.

या दुसऱ्या अर्थाची कठोरता साधी नव्हती. ठरलेला दिवस उलटला की सारे संपले. ऋणको आजारी पडला, वाटेत अडकला, किंवा दुसऱ्याच दिवशी पैशांची थैली घेऊन दारात उभा राहिला, तरी कायद्याच्या न्यायालयात त्याला दाद नव्हती. शंभर पौंडांच्या कर्जापायी हजार पौंडांची जमीन जाऊ शकत होती.

या ठिकाणी इंग्लंडमधील दुसरे न्यायपीठ पुढे आले. चान्सरी हे न्यायालय कायद्याच्या अक्षरापेक्षा सद्‌सद्विवेकाकडे पाहत असे. सतराव्या शतकात त्याने असा नियम रूढ केला की, गहाणाचा हेतू कर्जाची हमी हा आहे, जमीन गिळंकृत करणे हा नव्हे. म्हणून मुदत टळल्यानंतरही मुद्दल, व्याज आणि खर्च दिल्यास ऋणकोला जमीन सोडविता आली पाहिजे. एकदा गहाण ते सदैव गहाण, हे सूत्र यातूनच आले. १७३८ मध्ये लॉर्ड हार्डविक याने हा सोडविण्याचा हक्क म्हणजे जमिनीतील खरी मालमत्ताच आहे, असे ठरविले. ती विकता येते आणि वारसाकडे जाते. कर्ज घेताना ऋणकोने हा हक्क आपण होऊन लिहून दिला असेल तर काय? अशा संदर्भात १७६२ मध्ये लॉर्ड चान्सलर हेन्ली याने म्हटले की, गरजवंत माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो. निकडीपायी तो धूर्ताच्या कोणत्याही अटी मान्य करतो. गरजवंताला अक्कल नसते, ही आपली म्हण त्याला दोष देते. इंग्लिश न्यायाधीशाने त्याच गोष्टीतून त्याच्या संरक्षणाचा नियम काढला.

अर्थात सावकारालाही कोठेतरी शेवट हवा होता. ऋणको वर्षानुवर्षे येऊन जमीन मागू लागला तर तिचे करायचे काय? म्हणून न्यायालय एक अखेरचा दिवस नेमून देई, आणि तो टळल्यावर हक्काचे दार बंद होई. याला ‘फोरक्लोजर’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘बाहेर ठेवून दार लावणे’ असा होतो. गंमत अशी की, भारतीय बँकांच्या व्यवहारात हाच शब्द आज उलट अर्थाने चालतो. कर्जदार मुदतीपूर्वी सर्व रक्कम भरून खाते बंद करतो, त्याला बँकेतील लोक ‘लोन फोरक्लोज केले’ असे म्हणतात. ज्या शब्दाने ऋणकोला दाराबाहेर काढले, त्याच शब्दाने तो आता कर्जाला दाराबाहेर काढतो.

गहाणाचा हक्क केव्हा मरतो, हा प्रश्न आपल्याकडेही प्राचीन आहे. धर्मशास्त्रात तारणाला ‘आधी’ म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे की, व्याज वाढून रक्कम दुप्पट होईपर्यंत आधी सोडविली नाही तर ती नष्ट होते. ठराविक मुदतीची आधी मुदत संपताच नष्ट होते. परंतु जिचे फळ धनको उपभोगतो, ती कधीच नष्ट होत नाही. यातील मधला नियम लिटल्टनच्या मॉर्गेजसारखा आहे. शेवटचा नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ग्लॅनव्हिलने ज्याला ‘मृत’ म्हटले, तो फळे खाण्याचाच प्रकार होता, आणि स्मृतिकारांनी नेमका तोच अमर ठरविला.

इंग्रजी अमलात हे दोन प्रवाह एकमेकांस मिळाले. दख्खनमध्ये ‘मुदतखरेदी’ हा व्यवहार रूढ होता. त्यात जमीन विकल्याचे खत होई, आणि अमुक मुदतीत पैसे दिल्यास ती परत करण्याची बोली असे. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये अशा व्यवहारालाही ‘एकदा गहाण ते सदैव गहाण’ हे सूत्र लावले. तरीही कर्जाच्या खतांनी शेतकऱ्याचा गळा आवळलेलाच राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील खतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. त्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार आणि हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर ‘विक्री’ असली तरी व्यवहार खरोखर काय आहे ते पाहावे, ही दृष्टी चान्सरीच्या दृष्टीशी मिळती आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाची व्याख्या केली. मुंबई इलाख्याला तो १८९३ पासून लागू झाला. गहाणदाराचा सोडविण्याचा हक्क त्याच्या साठाव्या कलमात आहे. या कायद्यात आज गहाणाचे सहा प्रकार आहेत. त्यांत मालकाकडेच ताबा राहणारे साधे गहाण आहे, धनकोने उत्पन्न घ्यावयाचे भोगगहाण आहे, आणि मूळ कागदपत्रे ठेवून होणारे गहाणही आहे. शहरातील घरकर्जासाठी बहुधा या शेवटच्या प्रकाराचा आधार घेतला जातो. एक गोष्ट मात्र सावधपणे ध्यानात ठेवावयास हवी. १९२९ च्या दुरुस्तीनुसार, विक्रीच्या रूपातील व्यवहार गहाण मानला जावा यासाठी परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात असली पाहिजे. ‘आधी खरेदीखत करू, परतीचे वेगळे लिहू’, या भरवशावर सही करणाऱ्याला हा कायदा गहाणदार मानीत नाही.

खुद्द इंग्लंडमध्ये १९२५ च्या कायद्याने जमिनीची पूर्ण मालकी सावकाराच्या नावे करण्याची पद्धत मोडीत काढली. लोकांच्या बोलण्यात तर शब्दाची दिशाच पालटली. कायद्याच्या भाषेत मॉर्गेज देतो तो ऋणको, कारण तारण त्याचे असते. बँक ते घेते. पण १७७५ मध्ये बर्मिंगहॅम येथे पहिली ज्ञात गृहबांधणी सोसायटी निघाली, पुढे अशा संस्था वाढल्या, आणि सामान्य माणूस ‘सोसायटीने मला मॉर्गेज दिले’ असे म्हणू लागला. तारणाचे नाव कर्जालाच चिकटले. अमेरिकेत त्याहून पुढची मजल गाठली गेली. तेथे हजारो घरकर्जांची गाठोडी बांधून त्यांवर रोखे काढले गेले. ज्यांची फेडण्याची ऐपत संशयास्पद होती, त्यांच्या कर्जांचीही अशी गाठोडी झाली. ती फसली, तेव्हा १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरीत गेली आणि जगाला हादरा बसला. वचनाची खूण म्हणून हातातून हातात दिली जाणारी वस्तू अशा हातांत पोहोचली होती की, वचन देणारा आणि ते धारण करणारा एकमेकांना ओळखतही नव्हते.

मग आज भारतात हा हक्क केव्हा मरतो? साध्या कायद्याप्रमाणे लिलाव पुकारला गेला तरी विक्रीचा दस्त पुरा होईपर्यंत गहाण सोडविता येते. परंतु २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता ताबा घेण्याची आणि विक्री करण्याची मुभा दिली. त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिचा अर्थ स्पष्ट केला. त्यानुसार लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच सर्व देणे चुकते केले तर घर वाचते. नोटीस निघाल्यावर हा हक्क उरत नाही. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे शहरातील घरमालकासाठी लिटल्टनचा ‘ठरलेला दिवस’ काही अंशी परत आला आहे. बँकेच्या पत्रांकडे काणाडोळा करणाऱ्याने हे जाणले पाहिजे.

उलट भोगगहाणाच्या बाबतीत वारे निराळे आहे. गहाण सोडविण्याच्या दाव्याला १९६३ च्या कायद्याने तीस वर्षांची मुदत घातली आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, भोगगहाणात ही मुदत गहाणाच्या तारखेपासून धावत नाही; कर्ज उत्पन्नातून फिटले किंवा चुकते केले, तेव्हापासून ती सुरू होते. केवळ तीस वर्षे लोटली म्हणून धनको मालक होत नाही. आजोबांनी ताब्यासह गहाण दिलेले शेत नातवाला सोडविता येते, ते यामुळे. फळभोग्य आधी नष्ट होत नाही, हे याज्ञवल्क्याचे म्हणणे अशा रीतीने आजच्या न्यायातही खरे ठरले आहे.

शब्दात मृत्यू आहे. पण तो केव्हा आणि कोणाचा, हे त्या शब्दाने कधीच ठरविले नाही. ते ठरविले खताच्या मजकुराने, कायद्याच्या कलमाने आणि न्यायाधीशाच्या विवेकाने. म्हणून ‘मॉर्गेज’ या शब्दापुढे सही करणाऱ्याने व्याजाच्या दराबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: हे गहाण सोडविण्याचा आपला हक्क कोणत्या दिवसापर्यंत जिवंत राहणार आहे?