मंजूर भार आणि वापरलेले युनिट : क्लाउड सेवांचा हिशेब

मोबाइलवरील एखादे अॅप नकाशा दाखवते, पत्त्यावरून ठिकाण शोधते, मजकुराचे भाषांतर करते किंवा ग्राहकाला संदेश पाठवते, तेव्हा ते काम बहुतेक वेळा त्या अॅपमध्ये होत नसते. दूरच्या विदाकेंद्रातील, म्हणजे क्लाउडमधील, संगणकाला इंटरनेटवरून एक विनंती जाते, तो संगणक उत्तर धाडतो आणि अॅप ते उत्तर पडद्यावर मांडते. ही विनंती कशी करावी, तिच्यासोबत कोणती माहिती द्यावी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे ठरवून देणाऱ्या नियमांच्या संचाला एपीआय म्हणतात. प्रत्येक विनंतीसोबत ग्राहकाची किल्ली, म्हणजे त्याला दिलेली अक्षरांची गुप्त खूण, जाते आणि तिच्या आधारे सेवा पुरवणारी कंपनी दोन स्वतंत्र नोंदी ठेवते: विनंत्या किती वेगाने येत आहेत याची एक, आणि महिनाभरात एकूण किती काम झाले याची दुसरी. पहिल्या नोंदीवरून मर्यादा लागू होते, दुसरीवरून बिल निघते, आणि अॅप बांधणाऱ्यांची मोठी फसगत होते ती बहुधा या दोन नोंदी एकच आहेत असे मानल्यामुळे.

हा फरक विजेच्या बिलावर रोजच दिसतो. बिलावर 'मंजूर भार' किलोवॉटमध्ये लिहिलेला असतो आणि वापर युनिटमध्ये. गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र एकाच वेळी सुरू केले, तर महिन्याचा वापर अगदी थोडा असूनही भार ओलांडला जाऊन स्विच खाली पडतो. उलट एखादा दिवा महिनाभर जळत राहिला, तर स्विच कधीच पडत नाही, पण युनिट मात्र चढत राहतात. एपीआयचा वेगावरील कोटा म्हणजे हा मंजूर भार होय. तो यंत्राचे आणि त्याच यंत्रावर अवलंबून असलेल्या इतर ग्राहकांचे रक्षण करतो, कारण क्लाउडमधील संगणक हजारो ग्राहकांत वाटलेला असतो आणि एकाच्या चुकीच्या प्रोग्रॅमने तो अडवून धरला तर बाकीच्यांची कामे खोळंबतात. ग्राहकाच्या खिशाचे रक्षण हे या कोट्याचे मूळ काम नव्हे.

वेगाची मर्यादा मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे 'एका मिनिटात ६० विनंत्या' असा नियम करून दर मिनिटाला मोजणी शून्यापासून सुरू करणे. या रीतीत एक छिद्र आहे: मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ६० आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला आणखी ६० विनंत्या केल्या, तर नियम न मोडता दोन सेकंदांत १२० विनंत्यांचा लोंढा यंत्रावर आदळतो. म्हणून अनेक सेवा टोकनांच्या हौदाची पद्धत वापरतात. समजा हौदात १०० टोकने मावतात, नळातून दर सेकंदाला १० टोकने पडतात, हौद भरला की वरची टोकने वाहून जातात आणि प्रत्येक विनंतीला एक टोकन उचलावे लागते. काही वेळ शांत राहिलेल्या ग्राहकाला भरलेल्या हौदातून एका दमात १०० विनंत्या करता येतात, परंतु त्यानंतर त्याला नळाच्या धारेएवढ्याच, म्हणजे सेकंदाला १०, विनंत्या मिळतात. अचानक आलेली गर्दी सामावून घ्यायची आणि तरीही दीर्घकाळाची सरासरी बांधून ठेवायची, ही दोन्ही कामे एवढ्या साध्या हिशेबात होतात.

हौद रिकामा असताना आलेल्या विनंतीला ४२९ हा क्रमांक परत मिळतो. वेबच्या संदेशवहनात 'फार विनंत्या झाल्या' या अर्थाने हा क्रमांक २०१२ मध्ये प्रमाणित करण्यात आला, आणि पुन्हा प्रयत्न किती वेळाने करावा हेही सर्व्हरला त्या उत्तरासोबत सांगता येते. नकार मिळताच तीच विनंती तत्काळ पुन्हा करणारा प्रोग्रॅम हौद भरूच देत नाही, आणि असे हजारो प्रोग्रॅम एकाच क्षणी अडले तर ते पुढच्या क्षणीही सारे मिळूनच धडकतात. यावरचा उपाय क्लाउडपेक्षा बराच जुना आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'अलोहा' या रेडिओ जाळ्यात दोन केंद्रांचे संदेश एकमेकांवर आदळले, की प्रत्येक केंद्र यदृच्छेने ठरलेला काळ थांबून संदेश पुन्हा पाठवत असे. पुढे त्याच दशकात घडलेल्या इथरनेट या संगणकजाळ्यात दर अपयशानंतर प्रतीक्षेची मर्यादा दुप्पट करण्याची पद्धत आली. आजचा नीट लिहिलेला प्रोग्रॅम ४२९ मिळाल्यावर साधारण एक, मग दोन, मग चार, मग आठ सेकंद थांबतो आणि त्या काळात थोडा यदृच्छ फरक मिसळतो, तो याच परंपरेतून.

मर्यादा दिवसाचीही असते, आणि तिथे कधी विनंत्यांऐवजी त्यांचे वजन मोजले जाते. यूट्यूबच्या एपीआयने अनेक वर्षे प्रत्येक प्रकल्पाला दिवसाकाठी १०,००० एकके दिली. एखाद्या चित्रफितीची माहिती मागण्यास एक एकक लागे, तर शोध घेण्यास १००. चित्रफितीचा ओळखक्रमांक हाताशी असेल तर दिवसाला दहा हजार चौकशा, आणि प्रत्येक वेळी नव्याने शोधायचे ठरवले तर अवघे शंभर शोध. शिवाय हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री संपत असल्याने सकाळी संपलेला कोटा भारतात उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला, तर हिवाळ्यात दीड वाजता पुन्हा भरतो, हे पुण्यात किंवा पणजीत बसून अॅप लिहिणाऱ्याला ठाऊक असणे गरजेचे आहे.

किमतीची गोष्ट नकाशांच्या इतिहासातून सर्वांत स्पष्ट होते. गूगलने आपल्या नकाशांची एपीआय २००५ मध्ये खुली केली तेव्हा ती विनामूल्य होती आणि तिच्या आधारावर असंख्य संकेतस्थळे उभी राहिली. २०११ मध्ये रोज २५,००० नकाशे मोफत आणि त्यापुढील हजार नकाशांमागे ४ डॉलर असा दर जाहीर झाला. २०१२ मध्ये फोरस्क्वेअर या अॅपने ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची वाट धरली आणि त्याच वर्षी गूगलने तो दर अर्ध्या डॉलरवर आणला. २०१८ मध्ये सारी रचनाच बदलली. हालते-फिरते नकाशे हजारामागे ७ डॉलर झाले, बिल भरण्याचे खाते जोडणे सक्तीचे झाले आणि मोफत वापराच्या जागी दरमहा २०० डॉलरची सूट आली. रोजच्या २५,००० नकाशांच्या हिशेबाने पूर्वी महिन्याला साडेसात लाख नकाशे मोफत पडत. २०० डॉलरमध्ये सुमारे २८,५०० बसतात. मार्च २०२५ मध्ये ही सूटही जाऊन प्रत्येक सेवेला तिचा स्वतंत्र मोफत वाटा मिळाला, तर भारतासाठी ऑगस्ट २०२४ पासून काही सेवांना ७० टक्क्यांपर्यंत कमी असलेले वेगळे दर लागू झाले. दर वाढल्याबद्दल कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण नकाशे अद्ययावत ठेवण्यास खर्च येतो हेही खरेच. खरा प्रश्न असा, की ज्यांनी आपली संपूर्ण सेवा एकाच दरपत्रकावर बांधली त्यांच्याजवळ २०१८ मध्ये दुसरी वाट तयार होती का.

हजारामागचा दर नेहमीच क्षुल्लक वाटतो. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२३ मध्ये हजार विनंत्यांना २४ सेंट आकारण्याचे ठरवले, तेव्हा रेडिट वाचण्याच्या 'अपोलो' या लोकप्रिय अॅपच्या महिन्याकाठच्या सुमारे ७०० कोटी विनंत्यांचा हिशेब वर्षाला दोन कोटी डॉलरवर गेला आणि ३० जून २०२३ रोजी ते अॅप बंद झाले. लहान प्रकल्पातही हाच गुणाकार निराळ्या रूपाने समोर येतो. गावाचे नाव टंकताना सुचवण्या देणाऱ्या चौकटीत प्रत्येक कळ दाबताच एक विनंती जात असेल, तर 'कोल्हापूर' हा एक शब्द पुरा होईपर्यंत नऊ विनंत्या होतात. टंकणाऱ्याचा हात क्षणभर थांबेपर्यंत वाट पाहून मगच विचारले, तर एक-दोन विनंत्यांत भागते. त्याचप्रमाणे एकदा मिळालेले उत्तर साठवून ठेवले तर तेच पुन्हा विकत घ्यावे लागत नाही, मात्र कोणते उत्तर किती दिवस साठवावे यावर करारात बंधने असतात आणि ती वाचावीच लागतात.

बिलाच्या बाबतीत सर्वांत घातक गैरसमज अंदाजपत्रकाच्या सूचनेविषयी आहे. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये ठरावीक रक्कम ओलांडली की ईमेल पाठवण्याची सोय असते, परंतु ही सूचना केवळ सूचना आहे, ती सेवा थांबवत नाही. त्यात बिलाचे आकडे काही तास मागे चालत असल्याने सूचना हाती पडेपर्यंत खर्च पुढे निघून गेलेला असतो. २०२४ मध्ये अॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेतील एका रिकाम्या साठ्यावर एका दिवसात सुमारे १० कोटी विनंत्या येऊन आदळल्या, कारण एका लोकप्रिय मुक्त प्रणालीच्या मूळ मांडणीत योगायोगाने त्याच साठ्याचे नाव लिहिलेले होते. त्या विनंत्या फेटाळल्या जात होत्या, तरीही त्यांचा आकार साठ्याच्या मालकाच्या नावे लागला आणि बिल १,३०० डॉलरच्या वर गेले. त्यानंतर मे महिन्यात अॅमेझॉनने बाहेरच्यांच्या अशा अनधिकृत विनंत्यांसाठी मालकाकडून पैसे घेणे थांबवले. खर्च खरोखर बांधून ठेवायचा असेल तर मंजूर भारच मुद्दाम कमी करून घ्यावा लागतो: दिवसाला हजार विनंत्या पुरत असतील तर किल्लीची मर्यादाही हजारावरच ठेवावी आणि ती किल्ली ठरावीक संकेतस्थळ किंवा सर्व्हर सोडून कोठेही चालू नये अशी अट घालावी. यंत्राच्या रक्षणासाठी जन्मलेला कोटा तेव्हाच खिशाच्या कामी येतो.

येथवर 'एक विनंती' हे एकक गृहीत धरले होते. जिथे मजकूर हाताळला जातो तिथे विनंत्यांऐवजी मजकुराची लांबी मोजतात, आणि लांबी म्हणजे काय हा प्रश्न मराठीसाठी निर्णायक ठरतो. 'मराठी' या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, काना आणि वेलांटी स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे तिथे त्याची पाच चिन्हे होतात. वेबवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने त्याचे १५ बाइट होतात. 'स्त्री' हे एकच जोडाक्षर सहा चिन्हांचे आणि १८ बाइटचे आहे. गूगलची भाषांतरसेवा चिन्हे मोजते, बाइट नव्हे, त्यामुळे तिथे मराठीला तिप्पट भुर्दंड पडत नाही. तरीही शब्दांमधल्या मोकळ्या जागा मोजल्या जातात आणि एकच मजकूर तीन भाषांत नेला तर आकारही तीनदा लागतो.

एसएमएसचे गणित अधिक कठोर आहे. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे सात-सात बिटांची असल्याने त्यात १६० बसतात, देवनागरीसाठी मात्र सर्वसाधारणपणे १६ बिटांची मांडणी वापरली जाते आणि त्यामुळे ७० चिन्हांतच संदेश भरतो. लांब संदेशाचे तुकडे पाडले तर जोडणीची माहिती प्रत्येक तुकड्यात थोडी जागा खाते आणि तुकड्यागणिक ६७ चिन्हेच उरतात. म्हणून १५० चिन्हांची सूचना इंग्रजीत एका संदेशात जाते, तर तेवढ्याच लांबीच्या मराठी सूचनेचे तीन संदेश आकारले जातात. शाळा, नगरपालिका किंवा पतसंस्था जेव्हा लाखभर लोकांना मराठीत कळवू पाहते, तेव्हा हा तिपटीचा फरक थेट तिच्या तिजोरीवर पडतो, आणि मराठी सूचना रोमन लिपीत पाठवण्याच्या मोहामागे हेही एक कारण असू शकते.

भाषिक प्रारूपांच्या, म्हणजे मजकूर समजून नवा मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, एपीआयमध्ये बिल आणि वेगमर्यादा दोन्ही टोकनांत मोजली जातात. इथले टोकन हौदातल्या टोकनाहून वेगळे: प्रशिक्षणासाठी वापरलेल्या मजकुरात वारंवार एकत्र येणाऱ्या बाइटांचा तो एक गठ्ठा असतो. इंग्रजीचा मजकूर विपुल असल्याने तिचे संपूर्ण शब्द एकेका गठ्ठ्यात बसतात. मराठीचा मजकूर थोडा असल्याने तिचा शब्द अक्षरांच्या आणि कधी एका अक्षराच्याही तुकड्यांत फुटतो. परिणामी तीच गोष्ट मराठीत विचारणाऱ्याचे पैसे अधिक लागतात, मिनिटाचा कोटा लवकर संपतो आणि उत्तरही सावकाश येते. ओपनएआय या कंपनीने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे प्रारूप आणताना गठ्ठे पाडण्याची नवी रीत स्वीकारली आणि तिचे नमुने प्रसिद्ध केले: एका छोट्या परिचयपर मजकुराला मराठीत पूर्वी ९६ टोकने लागत, ती ३३ झाली, गुजरातीत १४५ वरून ३३, हिंदीत ९० वरून ३१. मराठी मजकुराचे एक अक्षरही बदलले नव्हते, फक्त मोजण्याचे माप बदलले आणि त्या मजकुराचा आकार सुमारे एक तृतीयांशावर आला. त्याच नमुन्याला इंग्रजीत २७ ऐवजी आता २४ टोकने लागतात.