दारात चार कुत्री असतील तर



दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री असतात आणि चारही कशी शांत असतात! आपल्या अंगणातली चार तशी राहत नाहीत. एक भाकर टाकली की चौघांची जुंपते आणि ती सोडवायला झाडू घेऊन धावते ती घरातली बाईच. म्हणून आज बोलायचं आहे ते एकापेक्षा जास्त कुत्री सांभाळण्याबद्दल.

आम्ही जरीपटक्यातून बचत गटांचं काम पाहतो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली, तेव्हापासूनची ही नागपूरची दाट वस्ती. घराला घर लागून. कामठी रस्त्याने पुढे गेलं की आपल्या गटांची गावं लागतात, तिथं अंगण मोठं. पण कुत्र्यांची गोष्ट दोन्हीकडे सारखीच. शहरात भांडण होतं ते शेजारणीच्या दारातल्या घाणीवरून, गावात होतं ते कोंबडीवरून.

चार कुत्री कोणी ठरवून आणत नाही. एक राखणीला आणलेलं असतं. दुसरं उष्ट्याच्या मागे येतं. तिसरी कुत्री पावसाळ्यात सरपणाच्या मागे विते आणि तिच्या पिल्लांपैकी एक तिथंच राहतं. बैठकीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘ताई, आमचं एकच आहे, बाकीची अशीच येतात.’

मग ही ‘अशीच येणारी’ कोणाची? हा प्रश्न आपल्या नागपुरातच कोर्टापर्यंत गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की मोकाट कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालायचं नाही. घालायचं असेल तर आधी त्यांना दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मोकाट कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून द्यायला सांगितलं. कायद्याचं हे असं मागेपुढे चालू राहील. आमचं म्हणणं साधं आहे. जे कुत्रं रोज तुमच्या दारात जेवतं, ते तुमच्या लेकरांजवळ झोपतं. कोर्टाने कोणाचंही म्हटलं तरी त्याच्या लसीची काळजी तुम्हालाच करावी लागणार.

आधी आकडा बघू. कुत्री सहा महिने ते वर्षाची झाली की माजावर येते. साधारण दोन महिने, म्हणजे ६०-६३ दिवस, ती गाभण असते. वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. घरातली भावंडंही एकमेकांत वाढतात, त्यांना नातं कळत नाही. पिल्लं पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडणं हा उपाय नाही. ते गाव तुमच्याकडे आणून सोडतं. नसबंदी हाच उपाय. नराची शस्त्रक्रिया लहान असते, मादीची थोडी मोठी. ‘नसबंदीने कुत्रं राखण करत नाही’ हे आम्ही फार ऐकतो. तसं काही होत नाही. उलट माजावरच्या कुत्रीमागे गावभर फिरणं थांबतं आणि ते घरी राहतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. गावात असाल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आपल्या पशुसखीकडे विचारा.

भांडणं बहुतेक ताटावरूनच होतात. प्रत्येकाचं भांडं वेगळं, जागा वेगळी, मध्ये भिंत किंवा ड्रम असला तर उत्तम. दांडगं असेल त्याला आधी वाढा, दुबळ्याला आडोशाला. खाऊन झालं की भांडी उचला. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, बादलीभर पाणी ओता. लेकरांना तर जेवत्या कुत्र्याजवळ जाऊच देऊ नका, मग ते कितीही गरीब असो. भात-वरण, भाकरी, अंडं चालतं. कांदा, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं नको. खर्चाचाही विचार करा बायांनो. एका कुत्र्याला दोन वेळा एकेक भाकर धरली तरी चौघांच्या महिन्याला २४० भाकरी होतात. ते पीठ घरखर्चाच्या वहीत कुठंच लिहिलेलं नसतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, रेबीज. लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी उपचार घेतले तर वाचतो. चावलेली जागा लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. घड्याळ बघून. मिरची, चुना, हळद, तेल, काही लावू नका. घरच्या पिल्लाचा दात लागला तरी, ओरखडा आला तरी, जखमेवर चाटलं तरी सरकारी दवाखान्यात जा. लस दंडात देतात; पोटात चौदा इंजेक्शनं हे जुनं झालं, ती पद्धत केव्हाच बंद झाली. कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस, मग त्यापासून ३, ७ आणि २८ व्या दिवशी. शेवटची सुई बाया हमखास सोडतात, कापूस वेचणी किंवा लग्न निघतं म्हणून. सोडू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचं वेगळं औषध लागतं, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी आपली लस थांबवू नका.

कुत्र्याला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, महिन्याभराने दुसरी, मग दरवर्षी. चार असतील तर चौघांना एकाच दिवशी टोचा.

नागपूरचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पत्र्याच्या खोलीत कोंडू नका, बांधलं असेल तर सावली सरकते तसं हलवा. फुटक्या माठाचा खालचा भाग पाण्याला चांगला, पालथा होत नाही. लाळ गळून कुत्रं आडवं झालं तर पोटावर आणि पंजांवर साधं पाणी घाला, बर्फ नको, आणि डॉक्टर गाठा. गोचीड असतील तर गुरांचं औषध अंदाजाने चोळू नका. कुत्रं अंग चाटतं, एकमेकांचंही चाटतं आणि विष पोटात जातं.

आमच्या काही गटांनी बैठकीच्या वहीत मागच्या पानावर रकाना आखला आहे. सदस्याचं नाव, दारात जेवणारी कुत्री किती, लस कधी, नसबंदी झाली का. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी ‘एक’ लिहिलं. तिसऱ्या महिन्यात खरे आकडे यायला लागले. सात-आठ घरांची कुत्री एका दिवशी जमत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्याला अर्ज करून गावातच लसीचा दिवस मागता येतो. अर्जावर अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही घ्या, गटाचा शिक्का मारा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.