पेटीतली पोथी

महालातला आमचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा भांड्यांच्या वाटण्या झाल्या, सागवानी चौकटींच्याही झाल्या. माळ्यावरची लाकडी पेटी मात्र कुणालाच नको होती. तिच्यात लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे दोन रुमाल आणि काही पोथ्या. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, लिहिणारा तू, तूच ने."

नेली. एका रुमालाला वाळवी लागली होती. तो मी न उघडताच निर्माल्याबरोबर शुक्रवारी तलावात सोडला आणि हात जोडले. आपण पवित्र काम केलं असंच तेव्हा वाटलं. कागदांचा नाश महालाला नवा नाही; १८६४ साली इथला भोसल्यांचा राजवाडाच आगीत गेला. पण ती आग कुणी लावली हे मला ठाऊक नाही. माझा रुमाल मात्र मी स्वतः बुडवला.

त्याची टोचणी लागली ती जुन्या गोव्यात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च पाहिलं. फ्रान्सिस्कन साधूंनी १५२१ साली इथे चर्च बांधलं. आजची इमारत १६६१ची. जमिनीवर थडग्यांच्या फरश्या, त्यांवरून आपण पाऊल जपून टाकतो. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. त्याच मठात १९६४पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. जिथे साधू राहिले, तिथे आता वीरगळ, सतीशिळा आणि व्हाइसरॉयांची चित्रं एका छपराखाली नांदतात. पोर्तुगीज महाकवी कामोंइशचा ब्राँझचा पुतळाही तिथे आहे, हातात काव्याची गुंडाळी घेऊन. पूर्वी तो बाहेर उघड्यावर होता.

ती गुंडाळी पाहून मला दुसरा ग्रंथ आठवला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथलाच झाला आणि ख्रिस्ताची कथा त्याने आपल्या ओवीत सांगितली. संतांच्या मराठीची गोडी लागल्याखेरीज असं लिहिता येत नाही. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. पण १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? हातांनी. भाविकांनी तो उतरून घेतला, वाचला, पुन्हा उतरवला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती निघाली. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत लंडनला आहे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला आणि माझ्यासारख्याच्या कपाटात पोचवला. छापखान्याने जे हरवलं, ते बोरूने राखलं!

माझी नोकरी बँकेत गेली. 'सेफ कस्टडी'त लोक सीलबंद पाकिटं ठेवून जात. आम्ही पावती देत असू, आत काय आहे ते विचारत नसू. कित्येक पाकिटं वर्षानुवर्षं तशीच पडून राहत. ठेवणारा वारला की मुलांना पावतीही सापडत नसे. संग्रहालयाचं काम याच्या नेमकं उलटं. तिथे वस्तू काय आहे, कुठली आहे, हे आधी नोंदवलं जातं. म्हणून ओस पडलेल्या मठातसुद्धा दगड बोलू लागतात. आणि आम्ही? आमच्या पेट्यांना कुलूप आहे, नोंद नाही.

परतल्यावर सौभाग्यवतींना म्हटलं, "पेटी ग्रंथालयाला देऊन टाकतो."

त्या म्हणाल्या, "द्या ना. पण आत काय आहे ते विचारलं तर काय सांगाल?"

उत्तर नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या पाकिटांत डोकावलो नाही हे बँकेत शोभलं. स्वतःच्या पेटीशी तसं वागणं शोभत नाही. आता साठी उलटल्यावर मोडीची बाराखडी गिरवतो आहे. 'ल' आणि 'म' अजून चुकतात. नातवंडं हसतात आणि हसता हसता डोकावतातही. परवा एका कागदावरची चार अक्षरं लागली: 'चिरंजीव'. पुढचं नाव लागायचं आहे.

बुडवलेल्या रुमालात कोण कोण होतं, ते आता कळणार नाही. उरलेली पेटी मी देणार आहे. पण यादी केल्याशिवाय नाही.