अकरा उशा आणि एक लोड

गेल्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या घरी नवा सोफा आला. साधासुधा नव्हे, एल आकाराचा. एक बाजू नऊ फुटांची, दुसरी सात फुटांची, आणि दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथे एक ऐसपैस कोपरा. दुकानातल्या माणसाने त्या कोपऱ्यावर हात फिरवत, "ही घरातल्या मोठ्या माणसाची जागा," असे सांगितले. ते ऐकून मी उगाचच जरा ताठ झालो. पण आमच्या सौभाग्यवतींच्या मनात मोठे माणूस वेगळे होते. वडील गेल्यावर वाईचे घर बंद करून माझी आई नुकतीच आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. तिचे वय शहात्तर. तेव्हा कोपरा आईचा, हे दुकानातच ठरून गेले.

सोफा आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या लेकीने तो 'ओकाबोका' दिसतो असा निकाल दिला. ही आमची लेक वास्तुरचनेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. निकाल देणे हे तिच्या अभ्यासक्रमातच असावे. मग उशांची खरेदी झाली. सोफ्यावर टाकायच्या या उशांना घरात सगळे कुशन म्हणतात, मी मात्र उशा म्हणतो. एकूण अकरा आल्या. अकराच का, तर संख्या विषम असली की मांडणी जिवंत दिसते, सम झाली की हॉटेलात आल्यासारखे वाटते, असे मला सांगण्यात आले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा सोफा आहे त्यांच्यासाठी तिचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. सगळ्यांत मोठ्या उशा, बावीस इंची, कोपऱ्यात, पाठीला पाठ लावून. त्यांच्यापुढे वीस इंची, मग अठरा इंची, आणि सर्वांत पुढे एक आडवी लांबट. दोन्ही टोकांना दोन-दोन, त्यातली मोठी हाताच्या बाजूला. मधला भाग मोकळा. रंग तीन. त्यातले दोन शांत आणि एकच बोलका. सगळेच बोलू लागले तर बाजार भरतो. आणि यातली खरी गोम अशी की, आतली उशी अभ्र्यापेक्षा इंच-दोन इंच मोठी घ्यावी. अठरा इंची अभ्र्यात वीस इंची उशी कोंबली की चारी कोपरे टम्म भरतात. मापाला माप घेतले की महिन्याभरात कोपऱ्यांचे कान लोंबू लागतात. इतकी वर्षे आमच्या घरातल्या उशा मरगळलेल्या का दिसत होत्या, ते मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले.

एवढे झाल्यावर शेवटचा संस्कार. प्रत्येक उशीच्या माथ्यावर मधोमध हाताच्या कडेने एक चापट मारायची, म्हणजे खाच पडते आणि वर दोन शिंगे उभी राहतात. हे पिसांच्या किंवा सैल भरणीच्या उशीला जमते. फोमच्या उशीला कितीही मारा, ती निगरगट्ट विद्यार्थ्यासारखी पुन्हा होती तशी. रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी लेक ही अकरा जणींची हजेरी घेई, आणि तिचा धाकटा भाऊ तेवढ्याच नेमाने संध्याकाळी त्यांची ढाल करून लढाई करी.

अभ्रे मात्र खरोखर देखणे होते. त्यातले तीन खणाचे. गुळेदगुडचा काठाचा खण, गर्द जांभळा. आईने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा चोळीचा खण. याला पाठीशी घेऊन बसायचं?" सौ. म्हणाल्या, "आई, आता असंच वापरतात." आई हसली. पण पुढे कित्येक दिवस बसण्यापूर्वी ती त्या तीन उशा अलगद उचलून बाजूला ठेवी.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला वस्तूपेक्षा शब्दाचा मोह अधिक. तो मी घरातही आवरत नाही. उशी हा आपला घरचा शब्द. संस्कृत 'उच्छीर्षक'मधून आलेला. त्यात 'शीर्ष' आहे, म्हणून उशी ही डोक्याची. पाठीची व्यवस्था पाहायला मात्र आपण फारसीकडून माणसे आणली. टेकायला तक्क्या, गोल ती गिर्दी. वरचा अभ्रादेखील तिकडचाच. मसनद म्हणजे ज्यावर टेकायचे ते, आणि गंमत अशी की आपली 'सनद' हा त्याच धातूचा शब्द. ज्याच्या आधारावर हक्क सांगायचा तो कागद. सोफ्याचे मूळ तर अरबी 'सुफ्फा', म्हणजे बसण्याचा ओटा. म्हणजे आम्ही एवढे हप्ते भरून शेवटी ओटाच आणला! अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवले. त्या काळची दरबारी चित्रे पाहा. गादी, लोड, तक्क्या, आणि मांडी घातलेला माणूस. मांडी घालून बसणाऱ्याला पाय टेकायला जमीन शोधावी लागत नाही, आणि बैठकीची खोली किती असावी हा प्रश्न त्याला पडत नाही. तो प्रश्न आमच्या आईला पडला होता. पण ती बोलली नाही.

दिवाळीचा पाडवा आला. संध्याकाळी माझे कॉलेजातले सहकारी फराळाला सहकुटुंब आले. आईला आग्रहाने कोपऱ्यात बसवले. मागे दोन बावीस इंची, बाजूला खणाच्या. लेकीने फोटो काढला. फोटोत आजी अगदी सिंहासनावर बसल्यासारखी दिसत होती. तिच्या डाव्या-उजव्या अंगाला पाहुणे बसले, पुढे टीपॉय, त्यावर चिवड्या-चकल्यांच्या बश्या. गप्पा रंगल्या. पाहुणे उठले ते दीड तासाने. दार लावून मी वळलो तेव्हा सौ. आईला दोन्ही हातांनी धरून उठवत होत्या आणि आई लगबगीने न्हाणीघराकडे चालली होती. तिचा चेहरा मला नीट पाहवला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तीच्या सकाळी आईने आपली पिशवी भरायला घेतली. "चार दिवस वाईला जाऊन येते. घर झाडून घ्यायला हवं." घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती आणि झाडून घेण्याची व्यवस्था मीच लावलेली होती. मी तसे म्हणालो. आई पातळाच्या घड्या घालत राहिली. मग तिच्या लक्षात आले असावे की, मी हलणार नाही.

"मला तिथून उठता येत नाही रे," ती म्हणाली. "पाय पोचत नाहीत खाली. मागे टेकावं तर आडवी होते, पुढे बसावं तर कंबर धरते. धरून उठायला हाताशी काही नाही. आणि इतक्या माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत 'सरा, मला जायचंय' म्हणून कसं सांगू? त्यापेक्षा आपलं घर बरं. तिथं कुणाला सांगावं लागत नाही."

गेले तीन आठवडे ती संध्याकाळची बाहेर येत नव्हती. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसे. मला वाटे, तिला लसूण सोलायला आवडतो.

मी तिला थांब म्हणालो नाही. तेवढा अधिकार मला वाटला नाही. "आठ दिवस दे," एवढेच म्हणालो. आणि त्या दुपारी आम्ही चौघे टेप घेऊन सोफ्याभोवती बसलो. बैठकीची खोली चोवीस इंच निघाली. कोपरा चोवीस इंच औरसचौरस. धाकट्याने नुकताच शाळेत शिकलेला पायथागोरस काढला आणि कर्ण जवळजवळ चौतीस इंच सांगितला. कोपऱ्यात माणूस तिरपाच बसतो, म्हणजे त्याच्या पाठीला चौतीस इंचांवर आधार! मग लेकीने आजीला खुर्चीवर बसवून पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत माप घेतले. सतरा इंच. बैठकीची कड आणि ही लवण यांच्यात दोन-तीन बोटे जागा हवी, तळवे जमिनीला पुरे टेकायला हवेत, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. "बाबा, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. पुढे कितीतरी वेळ ती काहीच बोलली नाही. मला तिची दया आली. पण मीही आयुष्यभर पोरांना अर्थ आधी, अलंकार मागून असे सांगत आलो आहे.

तेव्हा कोपरा बाद झाला. मानाची म्हणून जी जागा आम्ही दिली तीच वयस्कर माणसाला सर्वांत अडचणीची. दोन्ही बाजूंना हात नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. आईची जागा टोकाला ठरली, खिडकीशेजारी, उजवीकडे सोफ्याचा भक्कम हात. त्यावर तळवा रोवून उठता येते, आणि न्हाणीघराची वाट सरळ. बसल्यावर खाली रुतू नये म्हणून गादीखाली प्लायवूडची फळी सरकवली. राहिली पाठ. साडेआठ-नऊ इंच भरून काढायचे होते. एकावर एक दोन नव्या उशा ठेवून पाहिल्या. आतला कृत्रिम धागा हलका खरा, धुताही येतो, पण टेकले की बसतो, आणि गुळगुळीत अभ्रे एकमेकींवरून घसरतात. आधार कमरेला हवा, तो खांद्यांना मिळे.

"वाईला लोड आहे," आई म्हणाली. पिशवी भरायला घेतल्यानंतरचे तिचे हे पहिले आपणहून बोललेले वाक्य.

तो लोड वडिलांचा. माझ्या लहानपणापासून ओसरीवरच्या गादीवर असे. त्याला टेकून त्यांनी चाळीस वर्षे वर्तमानपत्र वाचले. रविवारी मी जाऊन घेऊन आलो. एसटीत शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टरने त्याचेही तिकीट काढू का म्हणून विचारले.

लोड दगडासारखा झाला होता. कापूस जुना झाला की दबून त्याच्या गाठी होतात. मग त्याला पिंजून काढण्यावाचून उपाय नाही. आमच्या लहानपणी वाईला पिंजारी दारावर येई. खांद्यावर ती भली मोठी धनुकली, तातीवर लाकडी ठोकळा मारला की घुमणारा आवाज, आणि अंगणभर उडणारा कापूस. आता पेठेत एका बोळात यंत्र आहे. गादीवाल्या चाचांनी लोडाची शिवण उसवली, कापूस मुठीत धरून दाबला आणि सोडला. "माल चांगला आहे. देशी कापूस. तिसरा हिस्सा नवा घाला, आणखी वीस वर्षं जाईल." मी सावरीबद्दल विचारले. आमच्या घरात डोक्याखालच्या उशा सावरीच्या असत. ते म्हणाले, "सावरी डोक्याला. मऊ, थंड, हलकी. पाठीला तिचा उपयोग नाही, दबते. पाठीला कापूसच, आणि ठासून." लेक बाजूला उभी राहून हे सारे वहीत लिहून घेत होती.

कापूस वजनाला साडेचार किलो भरला. त्यातून नऊ इंच जाडीचा, दोन फूट लांबीचा एक लोड झाला. उरलेल्याची एक छोटी उशी, हाताखाली घ्यायला. लोडाला अभ्रा आईने स्वतः शिवला, पांढऱ्या मांजरपाटाचा. लेकीने त्यावर खणाची पट्टी लावू का विचारले. आईने थोडा विचार करून दोन्ही टोकांना लावायची परवानगी दिली. मध्ये नाही.

अकरा उशांपैकी आता पाच उरल्या आहेत. तीन कोपऱ्यात, दोन दुसऱ्या टोकाला. विषम संख्या शाबूत आहे. खणाचे तिन्ही अभ्रे आईने काढून घेतले. त्यांच्या पिशव्या शिवून भाजीला नेते. बाकीच्या उशा धाकट्याच्या खोलीत युद्धसामग्री म्हणून जमा आहेत. सोफा पूर्वीइतका देखणा दिसत नाही, असे सौ.चे मत आहे. जांभळ्या आणि करड्या रंगांत तो पांढरा लोड जरा उठून दिसतो खरा.

आई वाईला गेली होती, नाही असे नाही. फेब्रुवारीत गेली, आठ दिवस राहिली, परत आली. आता संध्याकाळी सातला ती खिडकीशेजारी असते. मधूनच एक पाय वर घेऊन अर्धी मांडी घालते, लोडाला कंबर लावते आणि चष्मा पुसून वर्तमानपत्र उघडते. तिथून तिची घरावर नजर असते. दार कोणी उघडे टाकले, दिवा कोणी चालू ठेवला, सगळे तिला दिसते आणि ती ते सांगते. हा भाग आम्ही मोजमापात धरला नव्हता.

परवा फराळाची यादी करताना पाडव्याला कोण कोण येणार याची चर्चा निघाली. आमचे एक वरिष्ठ सहकारी फार बोलतात, नऊ वाजले तरी उठत नाहीत, अशी सौ.ची जुनी तक्रार. "त्यांना या वर्षी कुठे बसवायचं?" त्यांनी विचारले.

आईने वर्तमानपत्र खाली केले.

"कोपऱ्यात नको," ती म्हणाली. "तिथून माणसाला उठताच येत नाही."