दोष सेन्सरचा की आपल्या घाईचा?

मोटार दुरुस्तीचा धंदा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकलेला मुलगा पुढे नुसत्या आवाजावरून इंजिनचे दुखणे ओळखतो. परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि केवळ कानावर भागेनासे झाले.

भाजीची भाडी मारणाऱ्या आमच्या परिचयातील एका बांधवाच्या छोट्या सीएनजी ट्रकचे अ‍ॅव्हरेज घसरले, चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. दुसरा सेन्सर बसला, तरी तेच. अखेर एका वयस्क मिस्त्रीने सायलेन्सरच्या पाइपाजवळ हात नेला, तर मॅनिफोल्डचे गॅस्केटच फुटलेले! दोन सेन्सरचे पैसे आणि बुडालेली भाडी कोणी भरून द्यायची?

असे का होते? हा सेन्सर जळालेल्या वायूतील उरलेला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सर खरे तेच सांगतो की ऑक्सिजन जास्त आहे; पण कॉम्प्युटर इंधन कमी पडते असे समजून ते वाढवत जातो.

म्हणून कोड म्हणजे निकाल नव्हे, ती फक्त तक्रार आहे. प्रथम गळती, फ्यूज, कनेक्टर आणि घासलेल्या वायरी पाहाव्यात. पुष्कळ सेन्सरना चार वायरी असतात. दोन हीटरच्या, दोन सिग्नलच्या. थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण काही ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. मग इंजिन गरम करून डिजिटल मल्टिमीटरने सिग्नल पाहावा. टेस्ट लॅम्प लावू नये. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होतो. रेस देऊन आणि सोडूनही तो एकाच जागी अडला, तर सेन्सर बदलावा. वाइडबँड सेन्सरला ही चाचणी लागू नाही. तिथे स्कॅनरचे आकडेच पाहावे लागतात. डिझेल ट्रकचा नॉक्स सेन्सरही वेगळा, त्याच्याशी गल्लत नको.

बदलताना बॅटरीची वायर काढावी. इंजिन किंचित कोमट असताना खाच असलेल्या सॉकेटने सेन्सर सहज सुटतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर ग्रीस लावलेले नसेल तर अँटी-सीझ लावावे, टोकाला मात्र लागू देऊ नये. जवळपास सिलिकॉनचे सीलंट वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर बाद होतो. वायरीला सोल्डर मारू नये. पुष्कळ सेन्सर वायरीतूनच बाहेरची हवा घेतात. शेवटी कोड पुसून गाडी चालवून पाहावी.

कारागीर बांधवांना आमची एवढीच विनंती आहे की, गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडची अमानत आहे. तपासणीची मजुरी उघडपणे मागा, ती तुमच्या हक्काची आहे. काढलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या हातात द्या. अंदाजाने बदललेल्या सुट्या भागाचे पैसे मात्र एखाद्या घराच्या रोजीतून जात असतात. माप-तोलात कमी न करण्याची ताकीद केवळ तराजूवाल्यांसाठी नाही, ती पाना धरणाऱ्या हातालाही आहे.