कबड्डीतील पकडपटूची कारकीर्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कबड्डीचा सामना संपल्यावर प्रेक्षकांच्या तोंडी चढाईपटूचे नाव राहते आणि त्याला अडवणारा पकडपटू, म्हणजे आपल्या अंगणात शिरलेल्या प्रतिस्पर्ध्याला मध्यरेषेकडे परतू न देणारा खेळाडू, सातांच्या गर्दीत हरवून जातो. या विस्मरणामुळेच त्याच्या कारकिर्दीविषयी अनेक चुकीच्या कल्पना रूढ झाल्या आहेत, आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांत, नाहूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यात, मुलाला मंडळाच्या मैदानावर पाठवणाऱ्या पालकांच्या मनातही त्या घर करून असतात.

पहिला गैरसमज शरीराविषयीचा आहे. अडवणारा खेळाडू जितका अवजड तितका चांगला, असे मानले जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण तेथे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूभोवती भिंत उभी करणाऱ्या आघाडीच्या पाच जणांचे वजन व्यावसायिक स्तरावर साधारणपणे १३५ किलोच्या पुढे असते. कबड्डीत मात्र वरिष्ठ पुरुष गटासाठी ८५ किलो आणि महिला गटासाठी ७५ किलो ही कमाल मर्यादा आहे, स्पर्धेपूर्वी प्रत्येकाला काट्यावर उभे राहावे लागते, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेला खेळाडू कितीही नावाजलेला असला तरी मैदानाबाहेर राहतो. त्यामुळे पकडपटूला वजन वाढवण्याची नव्हे, तर ते मर्यादेत ठेवून मांड्या, कंबर आणि पंजे यांची ताकद कमावण्याची साधना वर्षानुवर्षे करावी लागते.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे, तो असा की चढाई ही कला आणि पकड ही नुसती झटापट. बचावाची रचना पाहिली की हा समज टिकत नाही. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, आणि हातात हात गुंफून केलेली साखळी, अशी ही रचना असते. त्यातील एकाचे पाऊल अर्ध्या क्षणाने आधी पडले तरी साखळीत खिंडार पडते. चढाईपटू बोनस गुणासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो तेव्हा नियमानुसार त्याचा दुसरा पाय जमिनीपासून सुटलेला असावा लागतो, म्हणजे त्या क्षणी त्याचा सगळा भार एकाच पायावर आलेला असतो, आणि नेमका तोच क्षण हेरून कोपरारक्षक खाली झेपावत घोटा धरतो. पण घोटा धरला म्हणजे पकड झाली असे नाही, कारण ओढला जाणारा चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवतच असतो. त्याला रोखायला मध्यरक्षकाने आपल्या जागेवरून सुटून त्याच्या कमरेवर किंवा छातीवर धडक द्यावी लागते. ज्याला ही वेळ साधता येत नाही त्याची घाई संघाला गुण गमावून देते. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक अधिक गुण मिळतो, तो याच अवघडपणाची नियमांनी दिलेली पावती आहे.

गुणतक्त्यावरून खेळाडूची योग्यता कळते, हा तिसरा समज सर्वात अन्यायकारक म्हणावा लागेल. प्रो कबड्डी लीगमध्ये प्रदीप नरवालने चढाईच्या गुणांचा दीड हजारांचा टप्पा ओलांडला, तर पकडीच्या गुणांत सर्वांच्या पुढे असलेला इराणचा फझल अत्राचली पाचशेच्या घरात आहे. हा फरक कर्तृत्वाचा नसून मोजणीचा आहे, कारण एका चढाईत अनेक गडी टिपता येतात, तर साधी पकड एकच गुण देते, आणि तो गुणही पकडीत चार जणांचे हात असले तरी एकाच्याच नावावर मांडला जातो. वर सांगितलेल्या मध्यरक्षकाची धडक त्यामुळे कोणत्याही रकान्यात दिसत नाही. याच लीगमध्ये यू मुंबा या संघाने २०१५ मध्ये बंगळूरू बुल्सला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळवले, त्या संघात कोपऱ्यांवर सुरेंद्र नाडा व मोहित छिल्लर आणि मध्ये जीवा कुमार व मुंबईकर विशाल माने होते. या चौघांपैकी कोणाही एकाचे गुण सुटे काढून त्या बचावाची किंमत करता येणार नाही.

पकडपटू लवकर संपतो, हेही सरसकट खरे नाही. गुडघे, खांदे आणि बोटे यांच्या दुखापती त्याच्या पाचवीला पुजलेल्या असतात. तरीही प्रतिस्पर्ध्याची चाल वाचण्याची नजर वयाबरोबर वाढत जाते, आणि २०१५ च्या त्याच विजेत्या संघातील अत्राचली २०२४ च्या हंगामातही खेळत होता.

आता पैशाविषयी, म्हणजे लीगमुळे पकडपटू मालामाल होतो या समजाविषयी. लीगच्या २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू अत्राचली, म्हणजे एक पकडपटूच होता, हे खरे. परंतु २०२३ च्या लिलावात सर्वात खालच्या ड गटाची मूळ किंमत नऊ लाख रुपये होती, हंगाम काही महिन्यांचाच असतो आणि पुढच्या वर्षी संघ मिळेलच याची हमी नसते. महिलांच्या वाट्याला तर २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा आली, जी टिकली नाही. महाराष्ट्रात ‘व्यावसायिक संघ’ हा शब्द लीगच्या कितीतरी आधीपासून रेल्वे, पोलीस, बँका आणि तेल कंपन्या यांच्या संघांसाठी वापरला जातो, आणि बहुसंख्य पकडपटूंचे घर आजही अशा नोकरीवरच चालते.

नाहूरच्या खेळाडूची वाट मुंबई शहर संघातून जाते, असेही काहींना वाटते. वास्तविक राज्य संघटनेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वेगवेगळे धरले जातात, नाहूर उपनगरात येते, आणि दोन स्थानके पुढे ठाणे लागले की जिल्हा पुन्हा बदलतो. मंडळ, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद स्पर्धा, महाराष्ट्राचा संघ अशी ही चढण आहे. डाव्या कोपऱ्यात खेळणारा गिरीश इरनाक अशाच वाटेने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघापर्यंत पोहोचला.

राज्यात शासकीय व निमशासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पदाची शैक्षणिक पात्रता पूर्ण करावी लागते आणि क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात उभी राहू लागली की पालकांनी त्याची किंवा तिची शाळा सुटू देऊ नये आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे.