कडेला उभी असलेली माणसं

2003 च्या लग्नसराईत मी वडगावात मिक्सिंगच्या कामाला बसलो. ‘एडिटिंग’ हा शब्द तेव्हा मावळात फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. लग्नाचं शूटिंग व्हायचं आणि कॅसेट ‘मिक्सिंगला’ जायची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला मंगल कार्यालयं वाढत होती, मोठ्या तिथीला एकेका दिवसात चार-पाच लग्नांच्या कॅसेटी येऊन पडायच्या. आज या बावीस-तेवीस वर्षांकडे पाहताना मला मशीनं फारशी आठवत नाहीत. आठवतं ते चौकटीचं माप. दर काही वर्षांनी ते बदललं, आणि प्रत्येक बदलात वेगळी माणसं चित्राबाहेर गेली.

तेव्हाचं चित्र चारास तीन या मापाचं होतं. मिनीडीव्ही कॅसेटवर 720 बाय 576 पिक्सेल मिळायचे, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. सॉफ्टवेअरमध्ये स्केल आणि पोझिशनचे आकडे तेव्हाही होते, पण त्यांना हात लावायला जीव धजायचा नाही. नवरीचं डोरलं जवळून दाखवावं म्हणून स्केल दीडशे टक्के केलं की मणी एकमेकांत मिसळून जायचे. त्यामुळे झूम करायचा तो कॅमेरामनने, तिथल्या तिथे. त्यात जुन्या टीव्हीची एक खोड होती. काचेच्या त्या फुगीर पेटीत चित्राच्या चारही कडा थोड्या आत दडायच्या. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन चौकोन आखलेले असत. बाहेरच्या चौकोनात माणसं ठेवायची, आतल्या चौकोनात नावं. ‘शुभविवाह’ ही अक्षरं त्या रेघेबाहेर गेली, तर घरच्या टीव्हीवर ‘भविवाह’ दिसायचं. कडेला काय जातं हे बघायची सवय मला त्या दोन चौकोनांनी लावली.

मग सपाट, रुंद टीव्ही आले. सोळास नऊ हे नवं माप, 1920 बाय 1080. नवीन शूटिंगला अडचण नव्हती. अडचण आली जुन्या कॅसेटींची. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, जुनी कॅसेट ‘फुल स्क्रीन’ करून द्या, असं सांगत लोक येऊ लागले. त्याला तीन वाटा होत्या. चित्र आहे तसं मधोमध ठेवायचं, तर दोन्ही बाजूंना 240-240 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. ओढून रुंद करायचं, तर वरपक्षाचं सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. किंवा मोठं करून पडदा भरायचा, तर वर-खाली मिळून चित्राचा पाव भाग जातो.

लोकांना पडदा भरलेलाच हवा असे, आणि तो पाव भाग म्हणजे आमच्याकडे फेटे असत. म्हणून मी शॉटगणिक पोझिशनचा उभा आकडा बदलायला लागलो. मंगलाष्टका चालू असताना चित्र खाली सरकवायचं, म्हणजे फेटे आणि मुंडावळ्या वाचतात. वरातीत ते वर घ्यायचं, कारण तिथे पाय नाचत असतात. एडियस या सॉफ्टवेअरमध्ये एफ सात दाबून लेआउटर उघडायचं आणि रात्रभर हेच करत राहायचं. एकेका लग्नात चारशे-पाचशे शॉट. एकाच सेटिंगने सगळी कॅसेट उरकता आली असती. पण एका लग्नात नवरीचे मामा उंच होते, आणि सरसकट कापल्यावर अख्ख्या विधीत त्यांचं डोकंच दिसेना. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येत नाही. बिनडोक्याचे मामा घरी नेऊन कसे द्यायचे? त्या रात्रीपासून मी सरसकट काही केलं नाही.

फोर के कॅमेरे हाती आले आणि हात मोकळा झाला. 3840 बाय 2160, म्हणजे आधीच्या चित्राच्या चौपट पिक्सेल. शेवटची फाइल 1080 ची द्यायची असेल, तर स्केल दुप्पट केलं तरी चित्र मऊ पडत नाही. एका कॅमेऱ्याने मांडव पूर्ण घ्यायचा आणि त्यातूनच बसल्या जागी नवऱ्याचा चेहरा, भटजींचे हात, पाठीमागच्या करवल्या असे वेगळे शॉट काढायचे. शिकायला येणाऱ्या पोरांना मी इथे एक गोष्ट बजावून सांगतो. मोठी क्लिप चौकटीत बसवायच्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार क्लिप आधी बारीक करून टाकतो, मग झूम केला की धूसरपणा येतो. दुसरा फक्त स्केलचा आकडा कमी करतो, मूळचे पिक्सेल जागेवर राहतात. दुसराच वापरावा.

पुढचा बदल मात्र चित्रालाच उभा करणारा होता. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामने रील आणले. वर्षभरात लग्नाच्या बोलणीत रील आधी आणि पूर्ण व्हिडिओ नंतर अशी मागणी सुरू झाली. आडव्या 1080 च्या चित्रातून नऊस सोळाचा उभा तुकडा काढला, तर रुंदी उरते 607 पिक्सेल. म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही. आपल्या लग्नाचा मुख्य क्षण तर पुरता आडवा. मध्ये अंतरपाट, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, मागे दोन्हीकडचे मामा. उभ्या खिडकीत दोघं एकत्र मावतच नाहीत. मधोमध धरलं तर नुसता अंतरपाट दिसतो.

मी त्यावर असा तोडगा काढला. पोझिशनची पहिली की-फ्रेम, म्हणजे त्या क्षणी चौकट कुठे असावी याची खूण, नवरीवर. ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट खाली येतो, तिथून खिडकी सरकायला लागते आणि दीड सेकंदात नवऱ्याच्या चेहऱ्यावर थांबते. सुरुवात आणि शेवट हळुवार ठेवायचा, नाहीतर हिसका बसतो. नवरीने वर पाहिलं की तिच्याच नजरेने आपण पलीकडे जातो.

बैलगाड्यांनी याहून कठीण परीक्षा घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानेही शर्यतींना मान्यता दिली. शर्यतींचे घाट पुन्हा भरले, तोवर प्रेक्षकांच्या हातातले फोन उभे झाले होते. आमच्याकडच्या बारीत, म्हणजे एका गाड्याच्या धावेत, चार बैल पळतात आणि त्यांच्या पुढे घोडी. एवढी लांब रांग उभ्या खिडकीत घ्यायची कशी? बैल धरले की घोडी जाते, घोडी धरली की गाडी जाते. चौकट आपोआप सरकवणारी सोय आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तिला चेहरा आणि हालचाल कळते, बारी कळत नाही. मध्येच ती घाटाच्या कडेने पळणाऱ्या एखाद्या पोराच्या मागे जाते. म्हणून बारीच्या त्या काही सेकंदांना मी हातानेच की-फ्रेम लावतो. सुरुवातीला घोडी, मधल्या टप्प्यात बैल, शेवटी निशाण.

बंदीच्या वर्षांत वाढलेल्या काही मुलांना मी 2014 पूर्वीच्या कॅसेटी दाखवल्या. चित्र अंधूक, पण आडवं आणि पुरं. घोडी, बैल, घड्याळवाले, कठड्यावर बसलेले म्हातारे, भंडारा उधळणारा मालक. मुलं बैलांपेक्षा कडेच्या माणसांकडे जास्त पाहत होती. ‘हे आमचे आजोबा’ असं एकजण मध्येच ओरडला. त्या कॅमेरामनने आजोबांसाठी कॅमेरा लावला नव्हता. ते कडेला होते म्हणून आले.

कड कापली की काय हरवतं, याचा एक दाखला माझ्या घरातच आहे. वडगावहून लोकल धरली की कान्हे, कामशेत आणि मग मळवली. एकोणिसावं शतक संपताना राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून तिथे आला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी त्या छापखान्यासाठी काम केलं होतं. आमच्या घरात लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे. आमची आजी ती मळवलीच्या छापखान्याची म्हणायची. पण फ्रेमच्या मापात बसावी म्हणून कोणीतरी खालची पट्टी कात्रीने कापली, आणि छापखान्याचं नाव असतं ती जागा गेली. आता तिचा उगम सिद्ध करायला काही उरलेलं नाही.

सॉफ्टवेअरमधली कात्री तशी नसते. क्रॉपचा आकडा शून्यावर नेला की कापलेली कड जशीच्या तशी परत येते, मूळ क्लिपला धक्का लागत नाही. फक्त ती मूळ क्लिप जपलेली पाहिजे, आणि तिथेच आपण कमी पडतो. रील गेलं, पैसे मिळाले, पुढच्या लग्नासाठी कार्ड पुसलं, असं सर्रास चालतं. माझी या धंद्यातल्या सगळ्या पोरांना हात जोडून विनंती आहे, शूटिंग आडवं करा आणि न कापलेली फाइल घरच्यांच्या हवाली करा. मी आता रीलबरोबर एक हार्ड डिस्क देतो. त्यात पूर्ण मांडव असतो, दोन्ही मामा असतात, आणि खांबाला टेकून अक्षता मुठीत धरून उभी असलेली माणसंही असतात.